ऑस्ट्रेलियाचा फॉर्म

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा आठवी, आई सातवी. त्यामुळे कॉलेजने दिलेलं काम हे घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचं असतं, अशी आमच्याकडे समजूत होती आणि ती चुकीची आहे असं सांगायला घरात कुणी नव्हतं.

शारजात अल मजाजला आम्ही दोन बेडरूमचा फ्लॅट शेअरिंगमध्ये घेतला होता. एका खोलीत आम्ही तिघं, दुसरीत चाचा आणि चाची. किचन, हॉल आणि टीव्ही दोघांत. चाचा रत्नागिरीकडचे. हमरियाच्या फ्री झोनमध्ये एका कंपनीत ते रिगर होते, म्हणजे वर बसलेल्या क्रेनवाल्याला खालून हाताने आणि झेंड्याने इशारे करायचे. बाबा त्याच कंपनीत स्टोअर सांभाळायचे. त्या वर्षी सप्टेंबरात चाचांना साठ वर्षं पूर्ण होणार होती, आणि साठीनंतर व्हिसा रिन्यू होणार नाही असं ऑफिसने त्यांना तोंडी सांगितलं होतं.  चाचा केसांना मेंदी महिन्यातून एकदा लावायचे, ती दर आठवड्याला लावायला लागले.

दोन हजार सालानंतरची पहिली एक-दोन वर्षं असतील. दुबईत एका भारतीय विद्यापीठाचं केंद्र होतं, गालिच्यांच्या दुकानावर, तीन खोल्यांचं. तिथे मी दुसऱ्या वर्षाला होते. मार्केटिंगच्या सरांची एका केबलवाल्याशी ओळख होती. केबलवाला एक स्पोर्ट्स चॅनेल दाखवायचा, त्यावर ऑस्ट्रेलियातला फुटबॉल लागायचा, आणि तो बघणारे लोक कमी होत चाललेत म्हणून चॅनेलकडून त्याच्याकडे एक छापील फॉर्म आला होता. सरांनी त्याचे चाळीस फॉर्म मला दिले. बाकीच्या मुलांना साबण आणि ज्यूस मिळाले.

फॉर्म तीन पानी होता. पहिल्या पानावर, तुम्ही हा खेळ बघता का. दुसऱ्यावर, बघत नसाल तर का. तिसऱ्यावर, खेळाचे नियम बदलले तर बघाल का: खेळाचा वेळ कमी करावा का, वाढवावा का, अठराऐवजी कमी खेळाडू असावेत का, गोल झाला की नाही हे पंचाऐवजी कॅमेऱ्याने ठरवावं का.

"बघणारा निदान एक तरी शोध," सर म्हणाले. "न बघणारे मीसुद्धा आणू शकतो."

दोन संध्याकाळी मी आमच्या टॉवरमध्ये दारोदार फिरले. लोकांनी सरबत दिलं. सातव्या मजल्यावरच्या एका काकूंनी फॉर्म न वाचताच विचारलं, "तुला काय लिहिलेलं हवंय ते सांग ना, म्हणजे आमच्यामुळे तुझे मार्क जायला नकोत." मी म्हटलं, खरं लिहा. त्या म्हणाल्या, "खरं लिहिलं तर पान कोरं राहील गं."

बाबांना माझी काळजी वाटली. ते पंचवीस फॉर्म घेऊन सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढले आणि दुसऱ्या दिवशी पंचवीसच्या पंचवीस कामगारांकडून भरून घेऊन आले. सगळे कॅपिटल अक्षरांत. प्रत्येक प्रश्नाला 'हो'. खेळ बघता का, हो. बघत नाही का, हो. वेळ कमी करावा का, हो. वाढवावा का, हो. सतरा फॉर्मांना पासपोर्टची झेरॉक्स जोडली होती आणि एकाला फोटो.

"बाबा, ह्यांना काय सांगितलंत तुम्ही?"

"काय सांगणार? ऑस्ट्रेलियाचा फॉर्म आहे, एवढंच."

"व्हिसाचा म्हणालात?"

"व्हिसा हा शब्द मी तोंडातून काढला नाही," बाबा म्हणाले. "तो त्यांनीच काढला. आणि मी त्यांना एवढंच सांगितलं, की फॉर्ममध्ये रकाना रिकामा सोडू नका आणि 'नाही' लिहू नका. 'नाही' लिहिलं की परत येतो. माझा लेबर कार्डाचा दोनदा आलाय."

आता लिहिताना हसू येतं. तेव्हा आलं नाही, कारण त्यात चूक कुठे आहे हे मलाही पटकन सांगता आलं नसतं. आमच्या माणसांनी आयुष्यात जेवढे फॉर्म भरले होते ते सगळे तसेच होते. तुम्हाला काय वाटतं, असं विचारणारा फॉर्म त्यांच्यापैकी कुणाकडे कधी आलाच नव्हता.

सतरा झेरॉक्स मी बाबांबरोबर परत पाठवल्या आणि हा व्हिसा नाही असं सगळ्यांना सांगायला लावलं. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. "खलास," म्हणाले आणि झेरॉक्स खिशात घातल्या, पुढच्या कामाला येतील म्हणून.

फोटोवाला फॉर्म चाचांचा होता. तो मी परत पाठवला नाही, कारण चाचा घरातच होते, आणि घरातल्या माणसाला मी स्वतः सांगेन असं बाबांना म्हटलं. फोटो नवा होता, मेंदी लावल्यानंतरचा. चाची किचनमध्ये आईला सांगत होत्या, "चार फोटोंचे धा दिरहम घेतले. एकशेतीस रुपये! ह्या तोंडाचे!"

मी शुक्रवारी सांगणार होते. शुक्रवारी चाचा जुम्म्याची नमाज पढून आले, जेवले आणि टीव्हीसमोर बसले. ऑस्ट्रेलियातली संध्याकाळची मॅच शारजात दुपारी दीडच्या सुमाराला लागायची. त्यांनी मला हाक मारली.

"ये गो बाय, बस. तुझ्या फॉर्मातला खेळ लागलाय."

मी बसले. पडद्यावर लांबट चेंडूमागे छत्तीस माणसं धावत होती. दोन्ही टोकांना चार-चार खांब. बराच वेळ आम्हाला काही कळलं नाही. मग मधल्या दोन खांबांमधून चेंडू गेला आणि तिथे उभा असलेला एक म्हातारा माणूस, अंगात लांब पांढरा कोट, डोक्यावर हॅट, त्याने दोन्ही हातांची बोटं पुढे केली आणि दोन झेंडे उचलून हलवले.

चाचा सरळ बसले. "हा कोण?"

बाबा म्हणाले, "डॉक्टर असेल. मेडिकलवाला."

"डॉक्टर झेंडे हलवतो काय, भाऊ? हा रिगर हाय!"

तो गोलचा पंच होता. मधून चेंडू गेला की दोन बोटं, दोन झेंडे, सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला की एक बोट, एक झेंडा, एक गुण. तिसऱ्या शुक्रवारपर्यंत चाचांना सगळं पाठ झालं होतं. चेंडू खांबाला घासून गेला तर काय, हेही. खेळाडूंकडे ते फारसे बघत नसत. पंच हलला की म्हणायचे, "बघ, पाय कुठे ठेवलान बघ. लायनीच्या बरोबर वर. आमच्यात पण असंच."

आणि एकदा, पंचाचा चेहरा जवळून दाखवला तेव्हा, ते हळूच म्हणाले, "साठ तर नक्कीच असतील ह्याला. जास्तच. बघ, तिकडे ठेवतात कामावर."

मला तेव्हा सांगता आलं असतं. चाचा, हा फॉर्म टीव्हीबद्दल आहे, एवढंच वाक्य होतं. पण चाळीस फॉर्मांमध्ये खेळ खरोखर बघणारा एकच माणूस होता, आणि तो कशासाठी बघत होता हे मला माहीत होतं. सांगितलं असतं तर चाळिसात शून्य झाले असते. तेव्हा मी स्वतःला समजावलं होतं, की त्यांचा आनंद कशाला घालवा. ते खरं नव्हतं.

सरांनी चाचांचा फॉर्म वाचला. तिसऱ्या पानावर चाचांनी कॅमेऱ्याच्या प्रश्नापुढचा 'हो' खोडून, मला विचारून, इंग्रजीत 'नो' लिहिला होता. बाबांनी आणलेल्या पंचवीस फॉर्मांतला तो एकमेव 'नो'. सर खूश झाले. "ह्यांना प्रेझेंटेशनला घेऊन ये," म्हणाले. मी घरी येऊन चाचांना निरोप दिला, जसा होता तसा: सरांनी बोलावलंय. चाचांनी फक्त वार विचारला.

त्या दिवशी त्यांनी पांढरा शर्ट घातला, बुटांना पॉलिश केलं आणि बरोबर एक प्लॅस्टिकची फाइल घेतली. फाइलमध्ये काय आहे हे मी विचारलं नाही.

वर्गात पंधरा जण होते. साबणवाल्यांचं झालं, मग माझं. मी आकडे वाचून दाखवले आणि माझा आवाज नेहमीसारखा बारीक झाला. सरांनी चाचांना पुढे बोलावून हिंदीत विचारलं, "लोग कम क्यों देख रहे हैं, आपको क्या लगता है?"

चाचा उभे राहून बोलले. "साहब, पहले दिन मुझे भी कुछ समझा नहीं. तीन जुम्मा बैठा, तब समझा. आजकल तीन जुम्मा कौन बैठता है?"

"तो टाइम कम कर दें?"

"जुम्मे को टाइम ही टाइम होता है, साहब. करना क्या है कम करके?"

वर्ग हसला. सरांनी कॅमेऱ्याचं विचारलं.  चाचा म्हणाले, की क्रेनवाला वर असतो, खालचं त्याला दिसत नाही. तो खालच्या माणसाच्या हातावर भरवसा ठेवून दहा टन उचलतो. माणूस चुकला तर त्याला शिव्या देता येतात, उद्या तो नीट करतो. कॅमेऱ्याला शिव्या देऊन काय उपयोग? आणि मग, कुणी न सांगता, त्यांनी टेबलाशेजारी पाय जोडले आणि दोन बोटं पुढे केली, झेंडे उचलले, हलवले, टेकवले. हातात काही नव्हतं. वर्गात कुणी हसलं नाही. नंतर टाळ्या वाजल्या.

चाचांनी फाइल उघडून सरांपुढे ठेवली. पासपोर्ट, तीस वर्षांची कंपनीची सर्टिफिकेटं, रिगरचं लायसन्स, आणि उरलेले तीन फोटो.

"साहब, बुलावा कब तक आएगा?"

सरांना कळलं नाही. त्यांना वाटलं, निकालाचं विचारतायत. "नेक्स्ट वीक," ते म्हणाले.

"इन्शाल्ला," चाचा म्हणाले.

मी दोन पावलांवर उभी होते. मी माझे कागद गोळा करत राहिले. ते आधीच गोळा झालेले होते.

परतीची टॅक्सी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकली तेव्हा मी सांगितलं. चाचा, तो व्हिसाचा फॉर्म नाही. टीव्हीवर खेळ कोण बघतं, एवढंच विचारायचं होतं. कुणी बोलावणार नाही.

चाचा बाहेर बघत होते. मान न वळवता म्हणाले, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"पहिल्या दिवसापासून. तुमचा फोटो बघितला तेव्हापासून."

"मग काढलास का नाय तो?"

मी पर्समधून टॅक्सीचे पैसे काढायला लागले.

"तुझ्या सरासमोर मी फाइल उघडली," ते म्हणाले. "पंधरा पोरांसमोर." आवाज चढला नव्हता. "बाबाला ठाऊक हाय?"

"बाबांना वाटतंय मी तुम्हाला सांगितलं."

"म्हणजे दोघांना फसवलंस."

बिल्डिंग आल्यावर ते पुढे गेले आणि लिफ्ट माझ्यासाठी न थांबता वर गेली. मी जिन्याने गेले, सहा मजले. त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. हॉलमध्ये बसायचे, मी आले की पेपर वाचायचे. त्यांना उर्दू येत नसे आणि तो पेपर उर्दू होता. बाबांना मीच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुला कॉलेजात घातलं ते आम्हाला कागदावरचं कळावं म्हणून." एवढंच म्हणाले आणि ड्यूटीवर गेले. मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले. केबलवाल्याने रिपोर्ट वाचला नाही. महिन्याभरात त्या चॅनेलच्या जागी दिवसभर रेसिपी दाखवणारं एक चॅनेल आलं, ते चाचींना आवडलं.

पाचव्या दिवशी चाचा दारात आले. "बाय, आता एक खरा कागद लिही. कंपनीला. साठीनंतर निदान एक वर्ष ठेवा म्हणून. इंग्रजीत. आणि जे नाय ते लिहू नको."

मी दोन संध्याकाळी बसून तो अर्ज लिहिला. तीस वर्षं, एकही अपघात नाही, नव्या माणसांना शिकवतील. प्रत्येक वाक्य मराठीत सांगून, त्यांचा होकार घेऊन मग लिहिलं. एके ठिकाणी मी 'उत्तम तब्येत' घातलं, तर म्हणाले, "गुडघा दुखतो, ते काढ."

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. चाचा ड्यूटीवरून आले ते बूट न काढताच हॉलमध्ये आले आणि पाकीट माझ्यापुढे धरलं. चाची किचनच्या दारात, हाताला पीठ. बाबा उभे राहिले.

कागदावर मोठा परिच्छेद होता. सुरुवातीला सेवेबद्दल आभार होते, मग त्यांच्या अनुभवाचं कौतुक, मग साठीनंतरचं धोरण. ते मी आधी वाचून दाखवू शकले असते. निम्मं पान तरी निघालं असतं त्यात.

"नाही म्हणालेत, चाचा," मी म्हटलं.

चाचांनी मान हलवली. मग खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागले.

"आता वाच," ते म्हणाले. "पहिल्यापासून. सावकाश."