एका सुईसाठी पाच घरं

कुंदाबाई सोनवणे एका रुग्णाला सुई द्यायला पाच घरांत चहा पीत. नियम त्यांचा स्वतःचा. धुळ्याच्या ज्या संस्थेत त्या मनोरुग्णांसाठी गावोगाव फिरणाऱ्या नर्स होत्या, तिच्या तक्त्यात ‘भेटी’ असा एक रकाना होता आणि पाच घरं मिळून त्यात एकच आकडा पडे. पण नर्स एकाच घरी गेली की त्या घरावर शिक्का बसतो, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणून एका घरी बाळाचं वजन, दुसरीकडे कुणाचं ब्लडप्रेशर, आणि त्यात मिसळलेलं एक घर खऱ्या कामाचं.

सहा वर्षांत चार कार्यकर्त्यांचे दोन उरले. गेलेल्यांपैकी मगन दोंडाईच्याला औषधाच्या दुकानात लागला. “गिऱ्हाईक गोळ्या घेतं आणि चालू लागतं, बाई. रडत बसत नाही,” तो म्हणाला. कुंदाबाई हसल्या नाहीत. त्या हल्ली घरी ताट हातात घेऊन उभ्यानंच जेवत. एसटीत पर्सची चेन उघडत, लावत. आत राजीनामा होता, तारीख न घातलेला.

१९९४च्या एप्रिलात त्या पारोळ्यापुढच्या एका गावात उतरल्या. इथे त्यांचा रुग्ण तोताराम, वय अठ्ठावीस. चार वर्षांपूर्वी त्याला विहिरीतून हाका ऐकू येत आणि तो हायवेनं चालत सुटे. पंधरा दिवसांनी मिळणाऱ्या सुईवर आता तो औत हाकत होता. त्याच्या अलीकडचं घर शेवंताबाईंचं. तिथे आधी ताक, मग गुडघे, मग सून, असा पाऊण तास जाई. त्या दिवशी ते ऐकायची ताकद नव्हती. बाकी चारही घरं सोडून कुंदाबाई सरळ तोतारामकडे गेल्या आणि बाराची गाडी पकडली. पुढच्या खेपेलाही तसंच.

तिसऱ्या खेपेला तोतारामची आई झुंबरबाई दारात आडवी उभी होती.

“आते येऊ नको, ताई. मन्ही पोरनं जमेल व्हतं, मोडनं.”

एरंडोलहून सोयरे तोतारामच्या बहिणीचं लग्न पक्कं करायला आले होते. स्टँडवर त्यांनी चौकशी केली आणि न जेवता परतले.

“मावशी, सुई चुकली तर तो पुन्हा रस्त्यावर...”

“माले ठाऊक शे,” ती म्हणाली आणि दार लावलं.

कुंदाबाई स्टँडपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. शेवटी शेवंताबाईंच्या ओट्यापाशी थांबल्या.

“आज ताक याद उनं का नर्सबाईले?”

“अक्का, तोतारामचं एरंडोलवाल्यांना कुणी सांगितलं?”

“कोनी नही. गावले ते चार वरीसपासून बठ्ठं ठाऊक शे. पाव्हना इचारेत, नर्स कोनाघर येस? पहिले म्हनता ये, बठ्ठास्ना घर येस. आते तू एकच घर जास, काय सांगानं? लबाड बोलानं?”

आपण गावापासून लपवतो, असं कुंदाबाई सहा वर्षं समजत होत्या. गाव त्यांच्या चहाच्या आडून त्या घराला झाकत होतं.

“मी थकले, अक्का.”

“थकनी ते बस. मन्हा गुडघा काय पळी जातस?”

कुंदाबाई बसल्या. शेवंताबाईंनी ओट्यावरूनच हाक मारली, “तोताराम, गोणी उचलाले ये रे!” तो आला. आतल्या खोलीत, कणगीमागे, त्यानं सुई घेतली, मग खरोखरच गोणी उचलून माळ्यावर ठेवली आणि गेला. शेजारच्या दारातून झुंबरबाई पाहत होती. या वेळी तिनं दार लावलं नाही.

कुंदाबाईंनी उरलेली तीन घरं केली. बाराची गाडी गेली होती. साडेतीनच्या गाडीपर्यंत त्या स्टँडवर येरझारा घालत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, “आता दिवसाला तीन नाही, एकच गाव.”

“तक्त्यात भेटी तिसऱ्या हिश्श्यावर येतील.”

“उरलेली चार घरं मोजा. उलट वाढतील.”

डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत तिनाची दोन गावं केली, एक नाही. राजीनामा पर्समध्येच राहिला. मोडलेलं लग्न काही पुन्हा जमलं नाही.

त्या खेपेनंतर पंधरा दिवसांनी कुंदाबाई गावात उतरल्या, तेव्हा तोताराम शेवंताबाईंच्या ओट्यावर आधीच येऊन बसला होता. कुणी हाक मारली नव्हती, उचलायला गोणीही नव्हती.