सोपानदाजींच्या जीपमधला आवाज

"कानात वायरी होत्या म्हणं दाजींच्या..." माझा चुलतभाऊ विलास फोनवर पहिलं वाक्य हे बोलला. दाजी गेले, हे त्याने दुसऱ्या वाक्यात सांगितलं. त्या सकाळी भोंगवलीला माझ्या नव्या घराची वास्तुशांत होती. उसना पितांबर नेसून, गुरुजींनी दाखवलेल्या दिशेला तोंड करून आणि फोटोग्राफर समोर आला की पोट आत ओढून मी बसलो होतो. थोरली बहीण, आमची अक्का, चार दिवस आधीच मार्गासनीहून येऊन राहिली होती, कारण पुरणाचा अंदाज तिच्याशिवाय कोणाला येत नाही असं आमच्या घरात ठरलेलं आहे. तिचे यजमान, सोपानदाजी, त्या दिवशी जीप घेऊन एकटेच निघाले होते. सारोळ्याला त्यांनी जीप कडेला लावली आणि पेढे घ्यायला पायी हायवे ओलांडला... ट्रकवाला पळून गेला नाही. तो तिथेच रस्त्यावर बसून रडत होता आणि येईल त्याला सांगत होता, की हॉर्नवरचा हात मी काढलाच नव्हता हो. लोकांनी त्याला हात लावला नाही. कारण लोकांनी वायरी बघितल्या होत्या.

दहाव्याला घाटावर जमेपर्यंत निकाल लागून गेला होता. सोपाना गाण्याच्या नादापायी गेला. भाषण करायची संधी न सोडणाऱ्या एका पाव्हण्यांनी तर तिथल्या तिथे तरुण मंडळींना खिशातले मोबाईल बाहेर काढायला लावले आणि म्हणाले, "बघा, ह्यो असा शेवट हुतो." पोरांनी माना खाली घातल्या. मीही घातली. अक्का पदर तोंडावर घेऊन बसली होती. त्या निकालावर मला आज अपील करायचं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

दाजींची जीप नसरापूर ते वेल्हे चालायची. सीट भरल्या की निघायची, ज्याला आमच्याकडे वडाप म्हणतात. सीट भरल्या म्हणजे काय, याची व्याख्या दाजी रोज नवी करायचे. माणूस उंच, सडसडीत, बोलायला कमी. बोलले तरी असं बोलायचे की समोरच्याने पुढचं काही विचारू नये. लग्नानंतर पहिल्या दिवाळसणाला ते भोंगवलीला आले, तेव्हा वडिलांचे चुलते, बहिरे आबा, अजून होते. आबांशी खेळायचा आमच्या घराण्याचा एक खेळ होता. त्यांच्या समोर बसायचं, आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखी मान वर करायची. आबा जोरात "व्हय व्हय, बराबर हाय" म्हणायचे आणि सगळी ओसरी खदखदा हसायची. माझं ओठ हलवणं सर्वांत सरस असायचं. मी हातवारेही करायचो. नव्या जावयाच्या करमणुकीसाठी त्या दिवाळीत मी आबांना जवळजवळ अख्खं कीर्तन ऐकवलं. दाजी हसले. पानावरची मान मात्र त्यांनी वर केली नव्हती, हे मला आता आठवतंय. आता आठवून काय उपयोग...

नव्वदच्या दशकात मी पुण्यात नोकरीला लागलो आणि पहिल्या बोनसमधून वॉकमन घेतला. पीएमटीत उभा राहून कानात गाणी ऐकणारा माणूस बायकांना आवडतो, असा माझा समज होता. तो समज दोन महिन्यांत फिटला आणि वॉकमन मी भाऊबिजेला दाजींना देऊन टाकला. त्यांना तो इतका आवडेल असं वाटलं नव्हतं. ते तो खिशात घालून, दोन्ही कानांत बोंडं बसवून नसरापूरच्या स्टँडवर उभे राहायचे. हाक मारली तर बघायचे नाहीत. हात लावला की बोंडं काढून म्हणायचे, "गाणं चालू हुतं. काय म्हणालास?" स्टँडवरचे लोक त्यांना 'साहेब' म्हणायला लागले. आमच्या मार्गासनीच्या जावयाला शौक आहे, या गोष्टीचा आम्हा भोंगवलीकरांना केवढा अभिमान!

मग त्यांनी डोक्यात घेतलं, की हा वॉकमन जीपच्या टेपला जोडायचा. जीपमधला टेप खड्ड्यात कॅसेट खायचा, गाणारी बाई मध्येच बाप्यासारखी गायला लागायची. वॉकमन मांडीवर टॉवेलच्या घडीत ठेवला तर हादरे बसत नाहीत. म्हणजे गाणं वॉकमनमधलं, ताकद टेपची आणि आवाज दारातल्या मोठ्या स्पीकरचा. कल्पना चांगली होती. भोरला इस्माईलभाईंचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे आम्ही दोघं गेलो. इस्माईलभाईंनी टेप उघडून आत वायर डकवली. गाणं सुरू झालं, पण गाडी सुरू केली की गाण्याच्या मागे इंजिनही सुरात रडायचं. दाजी म्हणाले, "अजून मोठा पायजे." इस्माईलभाईंनी वाढवला. "अजून." समोरच्या किराणा दुकानातून मालक बाहेर येऊन उभे राहिले. इस्माईलभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, तुमच्या दाजींना साऊंड न्हाई पायजे, भूकंप पायजे." मी इतका हसलो की दाजींनी विचारलं, "काय म्हणत्यात?" मी म्हणालो, "काही नाही, चांगला माल आहे म्हणतात." ते "व्हय, बराबर हाय" म्हणाले.

पुढे कोणीतरी मला पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या खोट्या कॅसेटबद्दल सांगितलं. दिसायला कॅसेटच, पण आत फीत नाही, शेपटीला वायर. कॅसेट टेपमध्ये सारायची, वायरीची पिन वॉकमनच्या भोकात खुपसायची. खरखर नाही, रडणं नाही. ती घेऊन मी मार्गासनीला गेलो तो जणू मीच ती शोधून काढल्याच्या थाटात. अंगणात जीपमध्ये बसवून दाजींना मी व्याख्यान दिलं, की वॉकमनचा आवाज पाऊणपर्यंतच न्यायचा, पुढे नेला की फाटतो, राहिलेला टेपवर वाढवायचा. दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते. इतकं एकटक माझ्या तोंडाकडे बघणारा श्रोता मला दुसरा मिळाला नाही, लग्न करूनही. गाणं लागलं, आणि दाजींनी उजवा तळहात दारातल्या स्पीकरच्या जाळीवर ठेवला. डोळे मिटले. बराच वेळ तसेच बसले आणि म्हणाले, "आता येतंय." मी पुण्यात सगळ्यांना सांगत सुटलो, की खरा दर्दी आवाज हाताने ऐकतो.

त्या जीपमध्ये बसणाऱ्यांचे मात्र हाल होते. "अवो डायवर, कमी करा, म्हस बुजाया लागली रस्त्याची," एखादी म्हातारी मागून ओरडायची. दाजी समोर बघत. मग शेजारी बसलेली अक्का टेपचं बटण फिरवायची. कारण तोवर अक्का रोज जीपमध्ये बसायला लागली होती. घरचं सकाळीच आवरून पुढच्या सीटवर, दाजींना चिकटून, नसरापूर-वेल्हे, वेल्हे-नसरापूर. एका सवारीची जागा अडवून. यावर गावाने काय काय म्हणून घेतलं असेल! "बाईला संशय हाय" ही त्यातल्या त्यात सभ्य आवृत्ती. आमच्या घरातही हा विषय निघायचा. आमच्या सौ. एकदा तिला तोंडावर म्हणाल्या, "अक्का, राखण किती कराल? पळून नाही जायचे दाजी." अक्का म्हणाली, "बाई, माझा माणूस हाय, मी राखीन न्हाई तर इस्तवात टाकीन." मी टाळ्या वाजवल्या. आमची अक्का म्हणजे तोंडाला तोंड!

काही वर्षांनी जीपमधला टेप एकाएकी गप्प झाला. दाजींनी खोटी कॅसेट काढून ठेवली आणि वॉकमनची बोंडं पुन्हा स्वतःच्या कानात घातली. गाडी चालवतानाही. "माणसांना तरास नको, मी माझं ऐकतो," म्हणाले. सवाऱ्यांनी दुवा दिला. मोबाईलमध्ये गाणी आली, नखाएवढ्या चिपमध्ये हजार गाणी मावायला लागली, तेव्हा मी त्यांना म्हटलं, नवा टेप बसवू, नुसती पिन लावली की झालं, आवाज काय सुंदर येतो! त्यांनी वॉकमनवर हात ठेवून मान हलवली. "ह्योच बरा." माझी भेट इतकी जपतात, म्हणून माझे डोळे भरून आले होते. हसू येतं ते आठवून. म्हणजे, हसू नाही येत.

दहावं झालं, पाव्हणे पांगले. अक्काने पोलिसांनी परत दिलेली प्लॅस्टिकची पिशवी माझ्यासमोर ठेवली. "तुझा हाय, घेऊन जा." वॉकमनचा एक कोपरा फुटला होता. मी उगाच झाकण उघडलं. आत कॅसेट नव्हती. पाठीमागचं सेलचं झाकण उघडलं. सेल नव्हते. स्प्रिंगांवर गंज चढला होता. जुना, सुकलेला गंज.

"अक्का, ह्यात सेल नाहीत."

"न्हाईतच. लई वर्सं न्हाईत."

"मग ते ऐकत काय होते?"

ती माझ्याकडे बघत राहिली, वर्गातल्या ढ मुलाकडे बघावं तशी. "काय ऐकत्यात? त्यांना ऐकू येत न्हवतं, बाळू. आधी एका कानानं, मग दोनी. हाताला कळायचं तवर स्पीकर वाजवला. हाताला कळून तरी किती दिस मन भरतंय?"

मी म्हणालो, डॉक्टर...

"दाखवलं की. पुण्याला. तुझ्याच घरी उतरलो हुतो, दातांचं सांगून. यंत्र घेतलं. खिशात डबी आन कानात वायर, ह्या तुझ्या वॉकमनवानीच. नसरापूर यायच्या आदी काढून ठेवलं ते ठेवलं."

"अगं, पण दिसायला सारखंच, तर मग ते यंत्रच घालायचं ना! कोणाला काय कळलं असतं?"

"यंत्राला एकच वायर असती," अक्का म्हणाली. "लोकं मोजत्यात."

मग तिने सावकाश सांगितलं. लायसन जाईल, ही भीती होतीच. जीप गेली तर डोंगरातल्या त्या भाताच्या तुकड्यावर काय भागणार? पण त्याहून मोठी भीती भोंगवलीची होती. "मला म्हणायचे, तुज्या माहेरी कळू देऊ नगं. आबांसारखं ओठ हलवतील माज्याफुडं." म्हणून ती शेजारी बसायची. मागून हॉर्न आला की गियरच्या वरून हात नेऊन त्यांच्या डाव्या गुडघ्यावर दोन बोटं वाजवायची. सवारीने उतरायला आवाज दिला की एक. इतक्या वर्षांत त्या जीपला ओरखडा नाही. आणि त्या दिवशी ती माझ्या घरी पुरण वाटत होती.

चष्मा लागला तर आमच्याकडे माणूस मास्तर दिसतो. काठी लागली तर वडीलधारा दिसतो. कान गेला तर मात्र सगळ्या आळीची करमणूक होते. कानाला सेलवर चालणारं यंत्र लावलेला माणूस हा विनोद, आणि कानाला सेल नसलेला वॉकमन लावलेला माणूस हा साहेब. दाजींनी दोन्हींतून एक निवडलं, आणि खरं सांगायचं तर आम्ही दिलेल्या यादीतूनच निवडलं. याचा त्यांच्यावरही राग येतो मला. एवढा मोठा माणूस, आमच्यासारख्या फालतू हसणाऱ्यांना भ्यायला!

"मी हे लिहितो," मी अक्काला म्हणालो. "लोक काहीबाही बोलतात."

"लिव्ह. आता कोण लायसन काढून घेतंय? पण पुण्याच्या पेपरात लिव्ह. हितं नगं."

जीप विकायला काढली आहे. मागच्या आठवड्यात वेल्ह्याच्या एका गिऱ्हाइकाला दाखवायची होती, म्हणून मी मार्गासनीहून ती घेऊन निघालो. मी जीप चालवतो म्हणजे तिच्याशी भांडतो, हे सगळ्यांना माहीत आहे; अक्का तरीही पुढे येऊन बसली, तिच्या जागेवर. दारातल्या स्पीकरच्या जाळीचा काळा रंग मधोमध उडालाय, तळहाताएवढा. गावाबाहेर पडताना एका ओळखीच्या म्हाताऱ्याने हात केला. खिडकीशी येऊन म्हणाला, "गाण्यानं घात केला गं बाई सोपानाचा." मी तोंड उघडणार, तोच अक्का म्हणाली, "व्हय बाबा. लई नाद हुता त्यांना." म्हातारा हळहळत निघून गेला. मी तिच्याकडे बघितलं, तर ती समोर बघत होती.

पुढच्या वळणावर मागून एसटीने हॉर्न दिला. मला तो स्वच्छ ऐकू आला, दोन्ही कानांनी. मी आरशाकडे बघायच्या आत माझ्या डाव्या गुडघ्यावर दोन बोटं वाजली.

मी जीप कडेला घेतली. एसटी पुढे गेली, धूळ खाली बसली. बोटं अजून गुडघ्यावरच होती.