गाडीवाटेतली खुर्ची

मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये, गाड्या आत शिरतात त्या वाटेच्या बरोबर मधोमध लाकडी खुर्ची टाकून, छत्री उघडून बसलेला म्हातारा तुम्ही कधी बघितला नसेल. मी बघितलाय. एका पावसाळ्यात तो रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी तिथं बसायचा. गाडी आली तरी उठायचा नाही, हातही करायचा नाही. गाडीवाल्याकडं असा बघायचा, जसा काही पाहुणाच आलाय आणि आत चहा टाकायला सांगायचाय. गाडीवाला ब्रेक दाबायचा, हॉर्न वाजवायचा, तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायचा आणि शेवटी खुर्चीला वळसा घालून बैलगाडीच्या चालीनं पुढं जायचा.

हे भूपाल अण्णा. मूळचे बोरगावचे, जैन. घरची तंबाखूची वखार होती, चांगली चालणारी. एका चातुर्मासात त्यांनी मुनिमहाराजांपुढं नियम घेतला की दुसऱ्याच्या छातीत धूर घालून पोट भरायचं नाही, आणि वखार बंद केली. भाऊबंद हसले. अण्णांनी निपाणीच्या अलीकडं हायवेला लागून असलेल्या जागेत कार्यालय बांधलं. नियम घेतला की घेतला, असा माणूस.

मी परशराम, येळ्ळूरचा. परसू मिस्त्री म्हणून विचारा, निपाणीपासून खानापूरपर्यंत कोणीही सांगेल. शाळा तिसरीपर्यंत झाली, पुढची मला लागली नाही. रस्त्याच्या कडेचे दगड मी बसवले असतील तिथं दोरी लावून बघावी. दोरी वाकडी निघेल, माझी कड निघणार नाही.

त्या वर्षी हायवेचं काम निघालं आणि गावात शिरायची वाट लांबून फिरली. लोकांनी मग अण्णांच्या पार्किंगातून आडवी वाट काढली. एका फाटकातून शिरायचं, दुसऱ्यातून सुसाट बाहेर. कार्यालयामागं अण्णांचं घर आणि पार्किंगच्या पलीकडं बस्ती, म्हणजे जैनांचं देऊळ. अण्णांची थोरली बहीण चंपाआक्का लहानपणीच विधवा होऊन भावाकडं आलेली. ती सकाळ-संध्याकाळ हे पार्किंग ओलांडून बस्तीत जायची. कानानं ठार बहिरी. एके दिवशी एक मोटारसायकल तिला घासून गेली. आक्का पडली, हातातली तांदळाची वाटी लांब उडाली. उठून तिनं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर तांदूळ वेचायला बसली. मागून गाड्या येतच होत्या.

कार्यालयाच्या स्वयंपाकघराच्या फरशीचं काम तेव्हा माझ्याकडंच होतं. अण्णांनी मला बाहेर बोलावलं. फाटक बंद करा म्हटलं, तर म्हणाले, "ह्या वाटेनं आजारी माणसंबी दवाखान्याला जात्यात रं. वाट अडवायची न्हाय, वेग अडवायचा." मी पाटी रंगवून देतो म्हणालो. मराठीत लिहायची का कन्नडमध्ये यावर माझं एक मत होतं आणि ते मी जोरात सांगितलं. अण्णा म्हणाले, "आक्काला वाचता येत न्हाय, गाडीवाल्याला सवड न्हाय. मग तू कुणासाठी लिवनार?"

मग मी मोजायची फीत लावली. आत शिरताना एक आणि मध्ये एक असे दोन गतिरोधक घालायचे. आमच्याकडं त्याला हंप म्हणतात. आणि घरापासून बस्तीपर्यंत आक्काच्या वाटेला, गाड्या ओलांडतात तेवढा तुकडा सोडून, दोन्ही बाजूंनी कडेचे दगड, म्हणजे चाक आत चढायला नको. जमीन मुरमाची. डांबर असतं तर रबरी हंप बोल्ट मारून बसवता आले असते. मुरमात बोल्ट धरत नाही. चर खणायचा, त्यात काँक्रीट भरायचं आणि त्यात दगड उभा करायचा, हाच रस्ता. हंपालाही तसाच पाया.

"उद्यापासनं लागतो," मी म्हणालो.

"दिवाळी झाली की लाग."

"अण्णा, आत्ता आषाढ हाय."

"म्हणून तर."

ते खाली बसले. ओल्या मुरमाचं एक ढेकूळ त्यांनी दोन बोटांनी अलगद उचललं. खाली दोन गांडुळं होती आणि वेटोळं करून पडलेला एक तांबडा किडा. बघून झाल्यावर त्यांनी ढेकूळ होतं तसंच परत ठेवलं. "चातुर्मासात जमीन खणायची न्हाय, खणवायची न्हाय. नियम हाय माझा. ह्या दिवसात मातीत लई जीव असत्यात, मिस्त्री."

"तुमच्या शेतात नांगर चालतोय, तवा मरत न्हाईत व्हय?"

"मरत्यात. ते पोटाचं पाप. ते मी घेतलंय पदरात. गाड्यांसाठी आनि कशाला घेऊ?"

"गाड्यांसाठी न्हाय. आक्कांसाठी."

त्यांनी बोटांना लागलेली माती त्या ढेकळावरच झटकली. मग हळूच म्हणाले, "न खणता काय हुतंय का बघ की."

"पायाशिवायचं काम मी करत न्हाय," मी सांगून टाकलं. "उद्या ते उखडलं तर लोक तुमचं नाव घ्यायचे न्हाईत, परसू मिस्त्रीचं घ्यायचे."

अण्णा हसायला लागले. "मग तुझाबी नियमच हाय की रं! बरं झालं. दोघं मिळून दिवाळीची वाट बगू."

मला वाटलं, मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिमेंट कालवत होतो तर बाहेर हॉर्नचा कालवा. जाऊन बघतो तर अण्णा वाटेत खुर्ची टाकून बसलेले आणि पाठीमागून आक्का हातात वाटी घेऊन, निवांत, बस्तीकडं चाललेली. ती पलीकडं पोचली तरी हे उठले नाहीत. ती परत आली, घरात गेली, मग अण्णांनी खुर्ची उचलून व्हरांड्यात आणून ठेवली. संध्याकाळी परत तेच.

मी लई भांडलो. म्हटलं, एखाद्याचा ब्रेक लागला न्हाय तर? ते म्हणाले, "आक्काला बघून लागला नसता. खुर्ची बघून लागतोय. माणसापरास खुर्चीला लोक भित्यात." आणि हॉर्नबद्दल त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "गाडीचं रडणं हाय ते. थोडं रडू दे, गप हुतंय."

एकदा चिकोडीकडचा एक ट्रकवाला खाली उतरला. "सायाक कुंतीरेन्री, यजमान्र?" म्हणजे मरायला बसलाय काय, मालक. अण्णांचं कन्नड त्याच्यापेक्षा चोख. त्याच ठसक्यात ते कन्नडमधून म्हणाले, की मी मरायला बसलो नाही, तुझ्या हातून कुणी मरू नये म्हणून बसलोय, त्यात तुझाच फायदा आहे. ट्रकवाल्यानं कानाची पाळी धरली, पाया पडला आणि ट्रक इतका हळू नेला की मागच्या चार गाड्या रडायला लागल्या.

श्रावणातल्या झडीत अण्णांना ताप भरला. खुर्चीवर भिजले होतेच, दुसरं काय होणार? त्या सकाळी मी आत ओट्याची फरशी बसवत होतो. बाहेर हॉर्न वाजला, आणि थांबेचना. एकसारखा, लांबलचक. मग ब्रेकचा आवाज आला. मी थापी टाकून पळत गेलो.

खुर्चीवर आक्का बसली होती. छत्री नाही, काही नाही. तोंड बस्तीकडं आणि पाठ फाटकाकडं. तिच्या पाठीपासून हातभर अंतरावर मांडवाचं सामान भरलेला टेम्पो उभा होता. आतला ड्रायव्हर स्टेअरिंगवर डोकं टेकून बसलेला. आक्काला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला बघून ती हसली.

मी हातवारे करून विचारलं, हे काय?

"भूपालला ताप हाय की रं," ती बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली. "त्यानं नियम घेतलाय न्हवं, चातुर्मासात रोज हितं बसायचा? मला त्यानंच सांगितलंय. आज मोडला असता. म्हणून मी बसले."

भावानं तिला खुणांनी तसंच सांगितलं होतं. तिच्यासाठी बसतोय म्हटलं असतं तर तिनं बस्तीत जायचं सोडलं असतं.

तिला हाताला धरून घरात नेलं आणि अण्णांच्या खोलीत गेलो. ते घोंगडी पांघरून पडले होते. मी झालं ते सांगितलं. हातभर अंतर होतं हे दोन्ही हात पुढं करून दाखवलं. अण्णा उठून बसले. बराच वेळ माझ्या हातांकडंच बघत होते.

"जा, खण," ते म्हणाले.

"काय?"

"चर खण. आजच. महाराजांस्नी काय सांगायचं ते मी सांगीन. मोडला नियम."

आषाढापासून मी याच शब्दाची वाट बघत होतो. टिकाव घेऊन बाहेर आलो. मी मारलेली चुन्याची रेघ पावसानं धुऊन गेली होती, तरी जागा मला पाठ होती. टिकाव खांद्यावर घेऊन उभा राहिलो. पाऊस पडतच होता. आणि माझ्या मनात आलं, ह्या माणसानं एका शब्दासाठी चालती वखार बंद केली, आणि त्याचा शब्द आज माझ्या टिकावानं मोडायचा? येळ्ळूरच्या परसूच्या हातनं?

परत आत गेलो. "मी न्हाय खणणार."

"मिस्त्री, ही काय हट्टाची येळ हाय?"

"हट्ट तर हट्ट. कोठारात तांदळाची रिकामी पोती किती हायती ते सांगा."

स्वयंपाकघराच्या कामासाठी आणलेली वाळू होती. पोत्यांत वाळू भरली, तोंडं शिवली आणि वाटेत आडवी, एकाला एक लावून ओळ घातली. फाटकाजवळ एक आणि मध्ये एक. आक्काच्या वाटेला कडेचे दगड नुसते जमिनीवर मांडले आणि मागून पोत्यांचा टेकू दिला. मी पोतं उचललं की अण्णा घोंगडी सावरत पुढं यायचे आणि मऊ केरसुणीनं तेवढी जागा झाडून द्यायचे. ताप अंगात होताच. आत जावा म्हटलं तर ऐकतील ते अण्णा कसले?

ते काम बघायला कुणी येऊ नये असं मला वाटत होतं. पोती फुगली, वाकडी झाली, दगड सरकायचे. दर आठ-दहा दिवसांनी मी ते सरळ करायचो. हे कुणी केलंय म्हणून कोणी विचारलं की मी स्वयंपाकघरात निघून जायचो. पण गाड्या मात्र तिथं येऊन गुडघे टेकायच्या, आणि आक्का दगडांच्या मधून वाटी घेऊन चालायची.

अण्णांनी मला डिवचायची संधी सोडली नाही. "पायाशिवायचं काम केलंस की रं!"

"ते काम न्हाय. ते नुसतं ठेवलंय."

"व्हय व्हय. मीबी वाटेत नुसताच बसलोतो."

दिवाळी झाली, चातुर्मास संपला. मी रोजंदारीची पोरं घेऊन पहाटेच हजर. पोत्यांवर आता गवत उगवलं होतं. एक पोतं उचललं तर खाली बेडूक. अण्णा म्हणाले, थांबा. प्रत्येक पोतं ते स्वतः बाजूला करायला लागले. खालचा जीव ओंजळीत घेऊन विहिरीकडं नेऊन सोडायचा आणि मग पुढचं पोतं. पोरं तोंडं लपवून हसत होती. मी मजुरी मोजत उभा होतो आणि माझं डोकं तापत होतं.

सगळी जागा मोकळी झाली. मी नवी रेघ मारली आणि एका पोराला खूण केली. त्यानं टिकाव उचलला, तेवढ्यात अण्णा पुढं आले आणि त्याच्या हातातून टिकाव काढून घेतला.

"अण्णा, काय करताय?"

"गाड्या माझ्या. आक्का माझी. आनि पयला घाव ह्या पोरानं घालायचा? का, रोजगाराला आलंय म्हणून?" ते दम घेत म्हणाले. "जीव जायाचेच असतील तर सुरवात माझ्या हातनं हू दे. मग तुम्ही खणा."

ज्या माणसानं सगळा पावसाळा एक ढेकूळ हलू दिलं नाही, त्यानं टिकाव डोक्यावर नेला. घाव नीट बसला नाही, मुरमाचा एक टवका तेवढा उडाला. त्यांनी दुसरा घातला. मग खाली बसून त्या खड्ड्यात बघितलं, काहीतरी पुटपुटले आणि टिकाव पोराला दोन्ही हातांनी दिला, जसा प्रसाद देतात तसा. पोरं त्यानंतर हसली नाहीत.

काम झालं, ते माझ्या हातचं होतं. पाया घातलेलं, दोरीत. आजही जाऊन बघा.

अण्णा जाऊन आता बरेच दिवस झाले. गेले ते झोपेतच. आक्का अजून आहे, अजून त्या दगडांच्या मधून बस्तीत जाते.

मी चातुर्मास पाळत नाही. पावसाळ्यात मिळेल ते काम घेतो आणि पाया खणतो. पोट आहे. मातीतले जीव मरतात, ते मला दिसतात. पण तेव्हापासून कुठंही पाया काढायचा असला की पहिला घाव मी घालतो. पोरं म्हणतात, "मिस्त्री, गुडघं धरल्यात तुमचं, द्या हिकडं." मी देत नाही. घाव घालून झाला की वाकून जरा आत बघतो, आणि मग टिकाव त्यांच्या हातात देतो.