खडखड गेली

जुन्या गाडीच्या दारांची रबरं मी स्वतः बदलली. शॉक ॲब्सॉर्बरही बदलले. इमारतीखाली गाडी जॅकवर चढवून सगळे रविवार त्यातच घालवले. शेजारी म्हणाले, "गॅरेजला का देत नाही?" मी नुसता हसलो. घरात बसण्यापेक्षा गाडीखाली बरं वाटतं, हे कुणाला सांगणार?

काल बायकोला घेऊन तिच्या बहिणीकडे निघालो. पहिला गतिरोधक आला आणि गेला, कुठे काही खडखडलं नाही. दाराच्या फटीतून वारा शीळ घालायचा, तोही बंद.

"आवाज गेला," ती म्हणाली.

"हो."

बस्स, एवढंच. इतकी वर्षं दर खड्ड्याला ती विचारायची, "हे काय वाजतंय?" मी म्हणायचो, "बघतो." त्यालाच आम्ही बोलणं समजत होतो! आता तिच्या पर्सची चेनसुद्धा केवढ्याने वाजली. गाडीत दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि दारं अशी घट्ट बसली होती की आतली शांतता बाहेर जायला फटही नव्हती.

सिग्नलला तिने हात पुढे केला. मला वाटलं, काहीतरी बोलणार.

तिने रेडिओ लावला.