उशाशी डोंगर

रुग्णालयं बांधून बांधून आता मला वीट आला आहे. घर बांधताना माणसं भांडतात, रुसतात, शेवटी राहायला जातात आणि सगळं विसरतात. रुग्णालयात राहायला कोणालाच जायचं नसतं. त्यामुळे भांडायचं ते बांधणाऱ्यांनी, आणि झोपायचं भलत्यानेच. वास्तुविशारद म्हणून माझी निम्मी हयात म्हैसुरात याच कामात गेली. सुरुवातीला फिनेलचा वास आणि हिरवे पडदे यापलीकडे कोणाची अपेक्षा नसायची. मग काचा आल्या, वातानुकूलन आलं, आणि एक दिवस सगळ्यांना एकदम निसर्गाचा पुळका आला.

त्या पुळक्याच्या काळात सरस्वतीपुरमच्या आमच्या घरापासून जवळच असलेलं, एका धर्मादाय संस्थेचं जुनं रुग्णालय पाडून नवं बांधायचं ठरलं. तिथल्या डायलिसिसच्या वॉर्डात माझा थोरला भाऊ, अण्णा, दिवसाआड जायचा. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाला आणि वर्षभरात मूत्रपिंडांनी दगा दिला. डाव्या हातात सुया, शेजारी यंत्र, आणि हात न हलवता तासन्‌तास उताणं पडून राहायचं. वाचायला घेतलं तर पुस्तक एका हातात पेलत नाही. मग माणूस समोर जे असेल ते बघतो.

जुन्या वॉर्डात समोर चामुंडी बेट्ट होता. बेट्ट म्हणजे डोंगर. आम्ही इथले मराठी, आमचे पूर्वज राजाच्या फौजेत आलेले आणि इथलेच होऊन गेलेले. डोंगराला डोंगर म्हणायचं आम्हाला कोणी शिकवलंच नाही. वॉर्ड म्हणजे जाड भिंतींचं, उंच छताचं एक लांबट दालन होतं. दक्षिणेला ओळीने खिडक्या, पलंगांच्या उशा उत्तरेच्या भिंतीला, त्यामुळे पडल्या पडल्या पायांपलीकडे बेट्ट दिसायचा. अण्णा तरुणपणी दर रविवारी पहाटे तो चढायचा. आता झुडपं कधी पिवळी पडली, वणव्याचा काळा पट्टा कुठवर गेला, ढग किती खाली उतरले, एवढंच घरी येऊन सांगायचा. "आता एवढाच चढता येतो," म्हणायचा. तक्रारीचा सूर नसायचा, पण मला ऐकवत नसे.

नव्या इमारतीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा म्हणूनच मला आनंद झाला होता. गच्चीवर सौर पत्रे, पावसाच्या पाण्याच्या टाक्या, राखेच्या विटा, उन्हाला अडवणारे खोल छज्जे, सगळं मी मनापासून काढलं. डायलिसिससाठी पाणी शुद्ध करताना बरंच पाणी टाकून द्यावं लागतं. ते बागेला वळवलं. अण्णाला हे सांगितलं तर म्हणाला, "मला दिवसाला पाणी मोजून चार पेले, आणि माझ्या यंत्राचं पाणी पिऊन तुझ्या जास्वंदी माजणार."

हरित इमारतीचं प्रमाणपत्र हवं म्हणून बंगळूरहून सल्लागार आले. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला गुण होते. उजेडाला गुण, हवेला गुण, खिडकीतून आकाश आणि हिरवळ दिसली की त्याला वेगळे गुण. कोणाला दिसली, हे विचारायची मात्र त्यांच्यात रीत नव्हती. खोलीतल्या बहुतेक जागेतून उभ्या माणसाला दिसली की झालं. माझा त्यावर आक्षेप नव्हता, कारण माझ्या नकाशात पलंग जुन्याच दिशेने होते.

मग सभा झाली. रुग्णांना विचारून बांधायचं अशी तेव्हा नवी फॅशन होती, म्हणून नातेवाइकांनाही बोलावलं होतं. आमच्या वहिनी आल्या होत्या. विश्वस्तांनी एक वास्तुशास्त्राचे आचार्य आणले होते. त्यांनी माझ्या नकाशावर होकायंत्र ठेवलं, थोडा वेळ बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "उत्तरेकडे डोकं प्रेताचं करतात."

मी म्हणाले, "जुन्या वॉर्डात इतकी वर्षं माणसं तशीच झोपली आहेत."

"त्यांतली आज किती आहेत?" त्यांनी विचारलं. डायलिसिसच्या वॉर्डाबद्दल असा प्रश्न विचारायला निगरगट्टपणाच लागतो. पण सभेत कोणाला तो खटकला नाही, उलट माना हलल्या.

हुणसूरहून बायकोला घेऊन पहिल्या बसने येणारे एक म्हातारे गृहस्थ मागे बसले होते. ते कन्नडमध्ये हळूच म्हणाले, "आणि पाय अम्मनवरांकडे होतात." डोंगरावर देवी. तिच्याकडे पाय करून निजायचं. इतकी वर्षं हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. आता विचारलं आणि प्रत्येकाला आपल्या माणसाचं न उतरणारं दुखणं आठवलं.

वहिनींचा चेहरा उतरला होता. "वन्सं, इतके दिवस मी ह्यांना तसंच निजवलं? मत्ते मग कसं बरं वाटणार हो ह्यांना?"

मी हरले नव्हते. पलंग खिडकीला समांतर लावू, उशा पश्चिमेला, म्हणजे देवीकडे पायही नाहीत आणि मान वळवली की बेट्ट दिसेल, असं सुचवलं. वॉर्डाचा डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "मॅडम, तसे लावले तर पलंग कमी बसतात. बाहेर थांबलेल्या लोकांना मी काय सांगू?" मग मी म्हटलं, उशा दक्षिणेला करायच्याच तर समोरच्या भिंतीला मोठा आरसा लावू, त्यात बेट्ट दिसेल. पलंगासमोर आरसा तर त्याहून वाईट, असं आचार्य म्हणाले. त्यांच्या शास्त्रात चालणारी एक गोष्ट मला तेव्हा कोणी दाखवली असती तर मी त्यांचे पाय धरले असते.

त्या संध्याकाळी अण्णाच्या घरी वाद झाला. वहिनी भाजी उकडून तिचं पाणी ओतून देत होत्या. अण्णाचं पथ्य तसं होतं, सगळी चव मोरीत जायची. अण्णा म्हणाला, "आईकडे पाय केले तर आई रागावते होय? लहानपणी आम्ही आईच्या अंगावर पाय टाकूनच झोपलो."

"तुम्हाला बेट्ट पाहिजे," वहिनी म्हणाल्या. "मला तुम्ही पाहिजे."

"होगली बिडु," अण्णा म्हणाला. जाऊ दे. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तूही सोड गं. तिला झोप लागू दे." मी सोडलं. उशा दक्षिणेला गेल्या, खिडक्यांखाली. बेट्ट सगळ्यांच्या डोक्यामागे गेला.

इमारत चांगलीच झाली, खोटं कशाला बोलू. पंख्याशिवायही आत बरं वाटायचं. समोरची उत्तरेची भिंत रिकामी, म्हणून सल्लागारांनी तिथे छतापर्यंत एक मोठं छायाचित्र चिकटवलं. रुग्णांच्या मनाला निसर्गाने उभारी येते म्हणे. गर्द रान, शेवाळलेले खडक आणि मधोमध कोसळणारा धबधबा. पहिल्या दिवशी अण्णाने ते बराच वेळ न्याहाळलं.

"कुठला गं हा?"

"कुठला तरी परदेशातला."

"पाणी दाखवतात," तो म्हणाला, "आणि तेही मला."

प्रमाणपत्र मिळालं, वरच्या श्रेणीचं. दृश्याचे सगळे गुण मिळाले. पाटी लावायला समारंभ ठेवला. यंत्रं सकाळीच सुरू झालेली होती, ती थोडीच थांबणार. म्हणून पाहुणे चालू वॉर्डातच आले, डोक्यावर म्हैसुरी पेटे, गळ्यात चंदनाचे हार. मलाही एक पेटा घातला होता. तो कपाळावर घसरत होता आणि मला घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटत होतं.

प्रमुख पाहुणे आत आले ते पलंगांच्या पायांशी उभे राहिले, धबधब्याला पाठ करून. आणि त्यांची नजर समोर गेली. पाऊस नुकताच होऊन गेला होता. खिडक्यांच्या लांब पट्टीत अख्खा बेट्ट होता, धुतलेला, जवळ आल्यासारखा. "आहाहा," ते म्हणाले, "अम्मा साक्षात उभी आहे." त्यांनी हात जोडले. विश्वस्तांनी जोडले. आचार्यांनी डोळे मिटून जोडले. नर्सबाई, हुणसूरचे म्हातारे, सगळे नातेवाईक, एकामागून एक. वहिनी अण्णाच्या पायांशी होत्या, त्यांचेही हात आपसूक जुळले.

पलंगांवर माणसं उताणी पडलेली, एक हात यंत्राला बांधलेला, आणि प्रत्येकाच्या पायाशी त्याची माणसं हात जोडून, डोळे ओले करून उभी. मी अण्णाकडे पाहिलं. त्याला बेट्ट दिसत नव्हता. त्याला वहिनी दिसत होत्या.

"अगं," तो हळूच म्हणाला, "अजून आहे मी."

वहिनींचे हात तसेच जोडलेले राहिले. त्यांनी मान वर करून खिडकीकडे पाहिलं, खाली अण्णाकडे पाहिलं, मग रांगेतल्या सगळ्या पलंगांवरून नजर फिरवली. पाहुणे पुढच्या खोलीकडे निघाले होते, मला खुणावत होते. वहिनींनी माझा दंड धरला.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "हा पलंग फिरवता येतो का हो?"

यंत्राला लागणारं पाणी आणि निचरा, दोन्हींचे नळ प्रत्येक पलंगाच्या उशाशी दक्षिणेच्या भिंतीत बसवलेले होते. वर गिलावा झाला होता, रंग झाला होता. भिंत फोडायची तर सगळा वॉर्ड बंद ठेवावा लागला असता, आणि या माणसांना दोन दिवससुद्धा थांबता येत नाही.

"नाही, वहिनी," मी म्हणाले.