माझ्या डावातली बरोबरी

भोकरदनच्या बुद्धिबळ स्पर्धेत वयाची अट नव्हती, म्हणून मी नाव दिलं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण हा खेळ मी लहानपणापासून खेळतेय. हसनाबादला शेजारच्या चाचांनी शिकवला. त्यांच्या देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. हात त्यालाच बसला.

समोर हार्डवेअरच्या दुकानाचा तरुण मालक. पांढरी त्याच्याकडे. त्यानं मधली तीन प्यादी दोन-दोन घरं दामटली. मी वजिरापुढचं प्यादं एक घर सरकवलं, राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचंही एकच घर, आणि त्याच्यामागं उंट दबा धरून बसवला.

"मावशी, बैलगाडीनं निघालात का?"

"पोचते मी बराबर. तू रस्त्यात थांब."

माणसं हसली. हसू दे. त्याला मी पुढं येऊ दिलं. मग बाजूचं प्यादं एकदम दोन घरं ढकललं. स्पर्धेचे नियम मलाही माहीत होते. त्याची मधली फळी फुटली, राजा उघडा पडला. आता त्याचा हत्ती पडणार होता. आधी कोणता घोडा हलवायचा, एवढंच ठरवत होते.

तेवढ्यात मागं बसलेला माझा मुलगा उठला. "साहेब, आईला बीपी हाय. कवाची घामाघूम होऊन राह्यली. बरोबरी करून टाका."

दुकानदारानं लगेच हात पुढं केला. पंच अर्धा-अर्धा गुण लिहायला लागले. मला कोणी विचारलंच नाही.

"डाव माझा हाय," मी म्हटलं. "बरोबरी मी मागितली न्हाई."

"आई, हट्ट नको करू. अर्धा गुण काय कमी हाय का?"

"तू गप बस. आन् साहेब, बघणाऱ्यानं बोलायचं नसतं, हे तुम्हाला मी शिकवू का?"

पंचांनी लिहिलेलं खोडलं. पण या भांडणात माझ्या चालीची वेळ मोजणारं घड्याळ कोणी थांबवलं नव्हतं. पटाकडे वळले, घोडा उचलला, आणि दुकानदार ओरडला, "टाइम!"

पंच म्हणाले, वेळ संपली की डाव गेला, नियम म्हणजे नियम. मुलगा मधे बोलला तेव्हा नियम कुठं गेल्ता?

मुलाच्या मोटारसायकलवर मी बसले नाही. एसटीनं घरी आले. तोवर तो शेजाऱ्यांना सांगत होता, "रागापायी हरली." मी पट काढला, डाव होता तसाच्या तसा मांडला आणि सगळ्यांदेखत त्याला म्हटलं, "दाखव, मी कुठं हरून राह्यले होते?"

त्याला घोडा कसा चालतो तेसुद्धा माहीत नव्हतं.