इंदूताईंची सायकल समिती

इंदूताई पांढरीपांडे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या सायकलच्या दुकानासमोर गोल गोल फिरत होत्या आणि मागच्या कॅरिअरला स्टीलचा डबा बांधलेला होता. वय साठीच्या पुढचं, सुती साडी, पदर खोचलेला, पायांत कॅनव्हासचे बूट. मी मुलीच्या सायकलची ट्यूब बदलायला गेलो होतो आणि फोनवर बायकोशी बोलत होतो. बाई गटाराच्या झाकणावरून, विटांच्या तुकड्यांवरून, रस्त्यातला एकही खड्डा न चुकवता सायकल नेत होत्या आणि दुकानदार हात जोडून उभा होता. फोन ठेवल्याबरोबर त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"मराठी आहात ना? जरा झाकण उघडून बघा बरं, गोळे शाबूत आहेत का?"

डब्यात कढी होती. गोळ्यांची, वैदर्भी पद्धतीची, भिजवलेली डाळ वाटून केलेले गोळे सोडलेली. मी मुकाट्यानं पाहिलं आणि सांगितलं की एक गोळा फुटलाय.

"नापास," इंदूताई म्हणाल्या आणि सायकल दुकानदाराच्या हातात दिली. "गोला फूट गया, भैया."

"अम्मा, साइकिल का गोले से क्या लेना-देना?"

"वही तो देख रही हूँ."

मी पुण्याहून एका सरकारी कारखान्यात अभियंता म्हणून बदलून आलेला. भोपाळच्या कोटरा सुल्तानाबाद वस्तीत आम्ही नुकतंच घर घेतलं होतं आणि इंदूताई आमच्या मागच्याच गल्लीत राहत होत्या. हे कळल्यावर त्यांनी मला तिथेच, दुकानाच्या पायरीवर, आपल्या सायकल खरेदी समितीचं सदस्यत्व दिलं. मी हो म्हटल्याचं मला आठवत नाही.

राजधानी हलली तेव्हा त्यांचे वडील कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले. इंदूताई इथेच जन्मल्या. सगळी नोकरी राज्य सरकारच्या एका संचालनालयाच्या खरेदी विभागात गेली. पंखे, खुर्च्या, बादल्या, सतरंज्या त्यांनी खरेदी केल्या आणि एकदा एवढा मोठा वजनकाटा, की त्यावर काय तोलायचं होतं हे तो आल्यावर कोणालाच आठवेना. त्या वजनकाट्यापासून त्यांनी एक गोष्ट मनाशी धरली होती आणि ती दर बैठकीत ऐकवायच्या: "वस्तू कशी आहे ते मागून पाहावं. आधी आपल्याला करायचं काय आहे ते पाहावं."

सायकलीची वेळ त्यांच्यावर आली ती एका गायीमुळे. माता मंदिराच्या चौकात गाय अचानक आडवी आली, इंदूताईंनी स्कूटरचा ब्रेक दाबला, गाय उभी राहिली आणि इंदूताई आडव्या झाल्या. मनगट प्लास्टरमध्ये गेलं. मुलगा मंदार पुण्याहून धावत आला, आईची सेवा केली आणि जाताना स्कूटर विकून गेला. मुलगा वाईट नव्हता. सकाळ-संध्याकाळ फोन करायचा आणि रोज एकच विचारायचा, "आई, तुझं तिथे अडलंय काय? घर विकू, इकडे ये."

शेवटी दोघांचा तह झाला. इंदूताई म्हणाल्या, "माझी कामं माझी मला करता आली तर मी इथेच राहीन. दिवाळीत येऊन बघ. नाही जमलं तर तू म्हणशील तिथे येते." मंदारनं लगेच मान्य केलं. स्कूटर तर त्यानं विकलीच होती. आई कॉलेजात सायकल चालवायची, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

समितीचे दुसरे सदस्य इंदूताईंचे शेजारी खानसाहेब. भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक, पांढराशुभ्र कुर्ता-पायजमा, बोलायला लागले की नदीच्या उगमापासून सुरुवात. रविवारी सकाळी इंदूताईंच्या व्हरांड्यात पोहे-जलेबी खात बैठक भरे. समितीत अभियंता मी एकटाच. माझं मत दर वेळी नीट ऐकून घेतलं जाई आणि बाजूला ठेवलं जाई.

पहिला वाद गिअरचा. मी म्हणालो, गिअर जितके जास्त तितकं बरं. खानसाहेब भोपाळी थाटात म्हणाले, "खां, भोपाल पहाड़ियों पर बसा है, मगर पहाड़ गिनती के हैं." इंदूताईंनी ठरवलं की चाचणी निष्पक्ष व्हावी, म्हणून स्वतः न बसता खानसाहेबांना बसवायचं. त्या दिवशी चार इमलीच्या चढावर, अधिकाऱ्यांच्या बंगल्यांसमोरून, खानसाहेब एकामागून एक उसन्या आणलेल्या सायकली चढवत होते. त्यांतली एक आमच्या मुलीची, गुलाबी, हँडलला झालरी असलेली. फिरायला निघालेले एक अधिकारी थांबले, कारण ते खानसाहेबांचे जुने विद्यार्थी निघाले. त्यांनी वाकून नमस्कार केला. खानसाहेबांनी झालरीवरचा एक हात उचलून आशीर्वाद दिला आणि तोल जाऊन कुंपणाच्या मेंदीत बसले. तिथूनच त्यांनी अहवाल दिला, "गियर कम हों, मगर एक ऐसा हो जिसमें बुढ़ापा भी चढ़ जाए." हे मत मंजूर झालं.

मग घंटी. दुकानातली टिंग वाजणारी घंटी इंदूताईंना पटेना. आम्ही गल्लीत चाचणी घेतली. मला रस्त्याच्या मध्ये पाठमोरं उभं केलं.

"तुम्ही म्हैस व्हा," इंदूताई म्हणाल्या.

"म्हणजे काय करू?"

"काहीच करू नका. म्हैस काय करते?"

मी काहीच केलं नाही. मागून घंटी वाजली, मग रबरी भोंपू वाजला, मग कसलीशी बॅटरीवरची शिट्टी. प्रत्येक वेळी मी दचकून बाजूला झालो आणि प्रत्येक वेळी इंदूताई वैतागल्या, की म्हैस अशी दचकत नसते. तेवढ्यात खऱ्या म्हशी आल्या. त्यांच्यापुढे घंटी, भोंपू, शिट्टी सगळं वाजवून झालं. एकीनं कान हलवला, तोही माशीसाठी. शेवटी इंदूताई सायकलवरूनच आपल्या कचेरीतल्या आवाजात म्हणाल्या, "चलिए, रास्ता दीजिए, काम रुका हुआ है." म्हशी बाजूला झाल्या. घंटी साधीच घ्यायचं ठरलं.

हेल्मेट अंबाड्यावर बसेना. दुकानदार म्हणाला, अम्मा, एक नंबर मोठं घ्या. इंदूताईंनी आरसा मागितला, शांतपणे अंबाडा सोडला, मानेशी खाली बांधला आणि हेल्मेट घातलं. "डोकं आपलं आहे," त्या म्हणाल्या, "त्याच्या मापाचंच टोपण हवं. चाळीस वर्षं अंबाडा वर बांधला, आता खाली. त्यात काय?"

असं करत करत दसऱ्याच्या सुमारास सायकल ठरली. साडी नेसून सहज पाय टाकता येईल असा खाली झुकलेला दांडा, ताठ बसता येईल असं हँडल, ना बारीक ना जाड टायर, पूर्ण झाकलेली चेन, लांब मडगार्ड, पुढे टोपली, मागे भक्कम कॅरिअर, दोन पायांचं स्टँड, पुढे पांढरा दिवा, मागे लाल. दुकानदार सारखा एका चकचकीत सायकलकडे बोट दाखवत होता. तिला ना मडगार्ड होतं ना स्टँड. इंदूताईंनी विचारलं, "ही उभी कशी राहते?" तो म्हणाला, भिंतीला टेकवून. "मग सोबत भिंतही द्या," त्या म्हणाल्या. ठरलेल्या सायकलीवर एकही गोळा फुटला नाही.

कढीच का, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. मी समजत होतो की ही नागपुरी हौस. एकदा खानसाहेबांनीच सांगितलं. चार इमलीत एका अधिकाऱ्याच्या बंगल्यात त्याची आई राहत होती. श्रीवास्तव मॅडम. इंदूताईंच्या विभागाच्या जुन्या प्रमुख. त्यांची स्मृती गेली होती. मुलाला ओळखत नव्हत्या, सुनेच्या हातचं खात नव्हत्या, ताट भिरकावून द्यायच्या. खायच्या फक्त इंदूताईंनी आणलेली कढी, आणि तीही इंदूताईंनी समोर बसून भरवली तर. एक दिवसाआड इंदूताई जात. स्कूटर गेल्यापासून रिक्षानं जायच्या. पण डबा पाहिला की रिक्षावाले पुढे निघून जात आणि जो नेई त्याच्या रिक्षात अर्धी कढी सांडे. "अपने बेटे को बता क्यों नहीं देतीं?" असं खानसाहेबांनी विचारलं, तर इंदूताई म्हणाल्या, "सांगितलं तर तो एखादा माणूस ठेवून देईल. मॅडम माणसाच्या हातचं खात नाहीत, खरेदी विभागाच्या हातचं खातात."

दिवाळीत मंदार आला. पुण्यात तो सायकलवाल्यांच्या एका गटात होता आणि आईची सायकल पाहून मोठ्यानं हसला. "आई, हा ट्रॅक्टर आहे!" त्यानं एका मित्राची सायकल उसनी आणली, कागदासारखे टायर, करकोच्यासारखी उंच. अंगाला घट्ट चिकटलेले चकचकीत कपडे घालून तो चार इमलीच्या चढावर आईची परीक्षा घ्यायला निघाला. पुढे मंदार, मागे कढीसह इंदूताई, त्यांच्या मागे साक्षीदार म्हणून मी आणि सगळ्यांच्या मागे रिक्षात खानसाहेब.

मंदार सुसाट गेला. माता मंदिराजवळ कुठलीशी पाइपलाइन फुटली होती. त्याच्या सायकलीला मडगार्ड नव्हतं, त्यामुळे कमरेपासून मानेपर्यंत पाठीवर चिखलाचा सरळ पट्टा उठला. चढावर तो उभा राहून पायडल मारत वर पोचला. इंदूताई बुढ़ापा चढवणाऱ्या गिअरमध्ये, बसून, वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करत हळूहळू आल्या. बंगल्याच्या फाटकातल्या शिपायानं त्यांना सलाम ठोकला आणि मंदारला अडवलं.

"आप नहीं. ऐसे कपड़ों में साहब ने मना किया है."

"अरे, वो मेरी माँ हैं!"

"अम्माजी तो हमेशा आती हैं," शिपाई म्हणाला. "आपको तो कभी नहीं देखा."

खानसाहेबांनी रिक्षातून उतरून आपली शाल त्याच्या अंगावर टाकली, तेव्हा कुठे आम्हाला आत सोडलं.

व्हरांड्यात खुर्चीवर श्रीवास्तव मॅडम बसल्या होत्या. इंदूताई समोर स्टुलावर.

"इंदु, फाइल लाई?"

"लाई हूँ, मैडम. पहले यह देख लीजिए." इंदूताईंनी चमचा पुढे केला.

फाइलवरचा आक्षेप शोधावा तसं मॅडमनी चमच्यात पाहिलं. "इसमें आपत्ति क्या है?"

"नमक ज़रा कम है, मैडम."

"चलेगा. आगे बढ़ाओ." आणि त्यांनी तोंड उघडलं.

अशी अख्खी वाटी मंजूर झाली. मग मॅडमची नजर शालीत गुंडाळलेल्या मंदारवर गेली.

"यह कौन है?"

"नया लड़का है, मैडम."

"टाइपिंग आती है?"

मंदारच्या हाताखाली पुण्यात अख्खा मजला काम करत होता. तो सरळ उभा राहिला. "आती है, मैडम."

"कपड़े ठीक पहनकर आया करो. परसों से आ जाओ. इंदु, इसे अपने पास बिठा लेना."

"जी, मैडम," मंदार म्हणाला.

परत येताना तो आईच्या पुढे गेला नाही. चौकात लाल दिव्याला थांबलो तेव्हा त्यानं विचारलं, "आई, उतारावर कुठला ब्रेक आधी दाबतेस?"

"दोन्ही. मागचा जरासा आधी."

"रबर झिजले की सांग. मी पाठवतो."

पुण्याला नेण्याबद्दल जे काही बोलणं झालं ते एवढंच. मंदारनं परतीचं तिकीट दोन दिवस पुढे ढकललं आणि सांगितलेल्या दिवशी, इस्त्रीचा शर्ट घालून, आईबरोबर कामावर हजर झाला.

पुढे काही वर्षांनी श्रीवास्तव मॅडम गेल्या. इंदूताईंची सायकल चालूच राहिली. बँक, भाजी, मराठी मंडळाचं वाचनालय, कुणाच्या घरी बाळंतिणीला पाहायला. कोटऱ्यात कोणी सायकल घ्यायला निघालं की आधी त्यांच्या व्हरांड्यात यायचं. त्या कुठलीच सायकल सुचवायच्या नाहीत, "तुला जायचं कुठे आहे?" एवढंच विचारायच्या, आणि पुष्कळ जण त्यावर घरी जाऊन विचार करत बसायचे.

गेल्या मार्चमध्ये साध्या तापाचं निमित्त झालं आणि इंदूताई दोन दिवसांत गेल्या. मंदार आला, सगळं त्यानं रीतसर केलं. दिवसकार्य झाल्यावर दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं तो निघणार होता. निघायच्या आदल्या सकाळी मी आणि खानसाहेब व्हरांड्यात बसलो होतो. घरात भाजी नव्हती. मंदारनं पिशवी घेतली, आईची सायकल काढली आणि गुडघे हँडलला आपटत गेला. पंधरा मिनिटांचं काम. उन्हं डोक्यावर आली तरी त्याचा पत्ता नाही. आम्ही फोन करणार तेवढ्यात आला. पिशवी रिकामी होती.

"भाजी?" मी विचारलं.

"मंडईपर्यंत पोचलोच नाही." तो पायरीवर बसला. "सायकल ओळखून लोक थांबवतात. इस्त्रीवाला, दूधवाला, चौकातला पोलीस. सगळे हसून विचारतात, अम्मा कुठे आहेत? मग मला सांगावं लागतं." त्यानं रिकाम्या पिशवीची घडी घातली. "एक भुट्टेवाली सायकलचं हँडल धरूनच रडत होती. तिला सोडून येता येईना."

खानसाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सबको बता दिया, बेटा?"

"नाही ना," मंदार म्हणाला. "माता मंदिराच्या पलीकडचे सगळेच राहिलेत." आणि खिशातून मोबाइल काढून त्यानं दुसऱ्या दिवशीचं तिकीट रद्द केलं.